कुंभाराची मडकी आणि शेवटची ओव्हर

२ ऑक्टोबर २०१२ ला कोलंबोत भारताने दक्षिण आफ्रिकेला एका धावेने हरवलं आणि त्याच रात्री भारत टी-२० वर्ल्ड कपमधून बाहेर पडला. सुपर एटमधले तीनपैकी दोन सामने जिंकले होते, त्यात पाकिस्तानही होता. पण ऑस्ट्रेलियाने नऊ विकेटनी धुतलं होतं, रनरेट तिथेच बसला. पाच वर्षं मागे गेलं की हीच गोष्ट उलटी दिसते. २००७ ला दक्षिण आफ्रिका स्वतःच्या घरात तीनपैकी दोन सामने जिंकून बाहेर पडली. शेवटच्या सामन्यात आपल्याकडून हरतानाही त्यांनी १२६ धावा काढल्या असत्या तरी सेमीफायनल पक्की होती; त्यांच्या झाल्या ११६. आपणही त्या टप्प्यात न्यूझीलंडकडून एक सामना हरलोच होतो. चार दिवसांनी जोहान्सबर्गला कप मात्र धोनीच्या हातात होता.

माझ्या दुकानापुढच्या बाकावर याला ‘फेडलं’ म्हणतात. २००७ ला घेतलं, २०१२ ला फेडलं. ऐकायला छान वाटतं. मग २०२४ ला बार्बाडोसला त्याच दक्षिण आफ्रिकेच्या तोंडचा घास आपण पुन्हा काढून घेतला, तो कुठल्या खात्यात टाकायचा, असं विचारलं की बाकावरचे लोक चहा मागवतात.

मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचं आठवतं. आमचं वाशिम जिल्ह्यातलं, अकोल्याहून वाशिमला येताना मेडशीनंतर लागणारं. इथे माझं कृषी सेवा केंद्र आहे. शेजारी धान्याचं दुकान असलेले काका सैतवाळ जैन आहेत, घरात मराठीच बोलतात. वय सत्तरीच्या पुढे, चष्मा कपाळावर, आणि सामना असला की माझ्या काउंटरच्या आतल्या खुर्चीवर त्यांचा हक्क. क्रिकेट त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि मी त्यांच्याकडून पाच समवाय घेतले. त्या व्यवहारात फायदा माझा झाला, असं मला वाटतं.

जैन विचारात कुठलीही गोष्ट घडायला पाच कारणं एकत्र यावी लागतात: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत म्हणजे आधी केलेलं कर्म, आणि पुरुषार्थ. सिद्धसेन दिवाकरांनी म्हटलं आहे की यातलं कुठलंही एकच कारण धरून बसणं हे मिथ्यात्व, पाचही एकत्र धरणं हे सम्यक्त्व. आमच्या गीतेतही अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत आणि पाचवं दैव आहे. मी लहानपणापासून ‘कर्म कर, फळाची आशा नको’ एवढंच ऐकत आलो. त्यामुळे त्याच गीतेत दैवाला शेवटची का होईना, पण खुर्ची दिलेली आहे, हे लक्षात यायला काका भेटावे लागले.

दुकानात ही पाचही कारणं दर जूनला उभी राहतात. सोयाबीन उगवलं नाही की शेतकरी म्हणतो, बियाणं बोगस. कंपनीचा माणूस येतो, माती उकरतो आणि म्हणतो, पेरणी खोल गेली. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं की कोंब वर यायला धडपडतो, हे खरंच आहे. कृषी खातं सांगतं, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण मृगाची एक सर आली की शेजाऱ्याची तिफण दिसते आणि कोणाला धीर धरवत नाही. मागच्या वर्षी मळणीत दाण्याला मार बसला असेल, तर त्या बियाण्याची उगवणशक्ती आधीच गेलेली असते, ते पूर्वकृत. पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडं राहिलं, तर त्याला नाव काय द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. या पाचांतलं एकच कारण खरं, असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःची जबाबदारी टाळत असतो, हे मात्र मी काउंटरमागून पाहिलेलं आहे.

क्रिकेटच्या बाबतीत आपण सगळे तसंच करतो. ३१ मार्च २०१६, वानखेडे, सेमीफायनल. आपण १९२ केल्या, कोहली ८९ वर नाबाद. वेस्ट इंडिजचा लेंडल सिमन्स मुळात संघातही नव्हता. फ्लेचर जखमी झाला म्हणून ऐनवेळी त्याला बोलावलेलं. तो दोनदा झेलबाद झाला आणि दोन्ही वेळा नो-बॉल निघाला, एकदा अश्विनचा, एकदा हार्दिक पांड्याचा. तिसऱ्यांदा जडेजाने सीमेवर झेल घेऊन चेंडू कोहलीकडे उडवला, तर पाय दोरीला लागलेला. सिमन्स ८२ वर नाबाद राहिला आणि त्यांना घेऊन गेला.

त्या रात्री बाकावरचा एक जण म्हणाला, “नशिबातच नोयतं.” काका म्हणाले, “सिमन्सले बलावलं हे नशीब म्हन. नो-बॉल काऊन नशीब? पाय रेघेच्या पुढं कोनाचा गेला?”

तेव्हा त्यांनी सद्दालपुत्ताची गोष्ट सांगितली. ती ‘उपासकदशा’ या आगमात आहे. आगम श्वेतांबरांचे आणि काका दिगंबर, पण गोष्ट आवडली की ते आपलीच म्हणून सांगतात. सद्दालपुत्त हा पोलासपूरचा श्रीमंत कुंभार, मक्खली गोशालाचा अनुयायी. गोशालाचं म्हणणं असं की सगळं आधीच ठरलेलं आहे, सुताचा गुंडा फेकला की तो जसा उलगडत जातो तसं. माणसाच्या करण्याला अर्थ नाही. महावीर त्याच्याकडे आले तेव्हा मडकी उन्हात वाळत होती. त्यांनी विचारलं, ही मडकी मेहनतीने झाली की आपोआप? तो म्हणाला, मेहनत वगैरे काही नसतं, सगळं नियत आहे. मग महावीरांनी विचारलं, कोणी येऊन ही मडकी फोडली, तुझ्या बायकोला त्रास दिला, तर तू काय करशील? सद्दालपुत्त म्हणाला, बडवीन त्याला. महावीर म्हणाले, का? तेही नियतच होतं ना?

एवढ्या थोड्या शब्दांत नियतिवाद इतका उघडा पडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. पण मी ही गोष्ट काकांच्या बाजूने पुढे नेत नाही, कारण ती आपल्यावरही उलटते. आपण मडकं फुटलं की बडवायला धावणारे लोक आहोत. ६ एप्रिल २०१४ ला ढाक्यात श्रीलंकेविरुद्धच्या फायनलमध्ये युवराज सिंगने २१ चेंडूंत ११ धावा केल्या, आपण १३० वर अडकलो आणि हरलो. त्याच्या चंदिगडच्या घरावर दगड पडल्याच्या बातम्या आल्या. हाच माणूस २००७ ला स्टुअर्ट ब्रॉडच्या एका ओव्हरमध्ये सहा षटकार मारून देवपदाला गेला होता. मधल्या काळात तो कॅन्सरमधून उठून आला होता. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा विकेटनी हरवलं. वर्ल्ड कपमध्ये त्यांच्याकडून पहिल्यांदाच हरलो. टॉस कोहली हरला होता, रात्री दव पडलं, चेंडू ओला झाला, समोर बाबर आणि रिझवान एकही संधी देत नव्हते. या सगळ्याला बाजूला सारून लोकांनी मोहम्मद शमीचं नाव पाहिलं आणि त्याच्या धर्मावर घसरले. पुढच्या सामन्याआधी कोहलीने उघडपणे शमीची बाजू घेतली, ते मला त्याच्या कुठल्याही शतकाइतकं मोठं वाटतं.

माझं म्हणणं इथे सुरू होतं. घडलेल्या गोष्टीचं सगळं कारण माणूस, असं एकदा ठरवलं की प्रत्येक पराभवाला एक गुन्हेगार शोधावाच लागतो. नियतीला थोडी जागा ठेवणं म्हणजे आळशीपणा, असं शाळेत शिकवतात. मला ती हरलेल्या माणसाबद्दलची माणुसकी वाटते. खेळणाऱ्याने सामन्याआधी दैवाचं नाव काढू नये. त्याने सराव करावा, नो-बॉल टाकू नये, दोरीपाशी पाय कुठे आहेत ते पाहावं. बघणाऱ्याने मात्र सामना संपल्यावर दैवाचा वाटा त्यात धरावा. आपण नेमकं उलट करतो. स्वतःच्या शेताला दैव लावतो आणि युवराजला पुरुषार्थ.

शिवाय या खेळाचा स्वभावच असा आहे. एका बाजूला १२० चेंडू. कसोटीत चूक भरून काढायला पाच दिवस मिळतात. इथे एक ओव्हर बिघडली की रात्र गेली. म्हणून टी-२० मधल्या एका रात्रीवरून कोण श्रेष्ठ, हे फार ठामपणे सांगू नये. २०२२ ला ॲडलेडला इंग्लंडच्या बटलर आणि हेल्सने १६९ धावांचा पाठलाग एकही विकेट न गमावता केला. तेव्हा ‘ही टीम संपली’ असं सगळीकडे चाललं होतं. दोन वर्षांनी, बरेचसे तेच खेळाडू, एकही सामना न हरता कप घेऊन आले.

आणि पूर्वकृत? त्याचं उदाहरण आमच्या विदर्भाच्या मुलाच्या गळ्यात आहे. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई खेळांची फायनल, अफगाणिस्तानविरुद्ध. पाऊस आला, सामना अर्ध्यावर राहिला आणि भारताचं रँकिंग वरचं म्हणून सुवर्णपदक भारताला दिलं. ऋतुराज गायकवाड कप्तान, संघात अमरावतीचा जितेश शर्मा. काका खूश झाले, कारण ग्रंथातली कल्पना त्यांना पदकाच्या रूपात दिसली: आज काहीच ठरलं नाही, मागचं जमा होतं ते मिळालं. मी म्हटलं, काका, पण अफगाणांच्या पोरांचं काय, त्यांनी त्याच स्पर्धेत पाकिस्तान आणि श्रीलंकेला हरवलं होतं. ते गप्प बसले. अफगाण पोरांचा विचार आमच्या बाकावर त्या दिवशी बाकी कोणीच केला नाही.

आता २९ जून २०२४. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, सहा विकेट हातात. बुमराह, अर्शदीप आणि हार्दिकने त्या आवळल्या आणि शेवटच्या ओव्हरला १६ राहिल्या. पहिल्याच चेंडूवर मिलरने मारलेला फटका लाँग-ऑफला सूर्यकुमारने झेलला, तोल दोरीपलीकडे जातोय म्हटल्यावर चेंडू वर उडवला, बाहेर गेला, आत येऊन पुन्हा धरला. वानखेडेवर जडेजाने केलं ते आणि इथे सूर्याने केलं ते काम जवळजवळ एकच. फरक बुटाच्या तळव्याएवढा. एका रात्री तो आपल्या विरोधात गेला, दुसऱ्या रात्री आपल्या बाजूने. सराव दोघांचाही होता. जडेजापेक्षा चांगला फिल्डर आपल्याकडे कोण आहे?

नवसाचंही सांगतो, कारण डव्ह्याला नाथनंगे महाराजांच्या यात्रेत पुरीभाजीचा प्रसाद वाढताना माझ्या पंगतीत एक पोरगा होता, त्याने कपसाठी नवस बोलला होता म्हणे. मी त्याच्या श्रद्धेला हसत नाही. पण मिलरच्या आईनेही त्या रात्री हात जोडलेच असतील ना? देवाने आपलं ऐकलं म्हणायचं, तर तिचं नाकारलं हेही म्हणावं लागेल, आणि तेवढं माझी जीभ म्हणत नाही. काकांची यातून सुटका आहे. त्यांचे तीर्थंकर वीतराग, कोणावर प्रसन्न होत नाहीत की रागावत नाहीत. आमच्याच तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. पार्श्वनाथ काही मागत नसले तरी त्यांच्यावरून दोन्ही पंथांचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९८१ पासून मंदिराला कुलूप लागलं आणि ते २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने उघडलं. अनेकान्त, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हे, सांगणं सोपं आहे, असं काका स्वतःच म्हणतात. असो. तर बार्बाडोसच्या शेवटच्या ओव्हरला हे वीतरागवाले काका डोळे मिटून नवकार म्हणत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, “जिंकाले नाई म्हनत होतो. बीपी वाढलं होतं.”

कप घेऊन आल्यावर ५ जुलैला विधान भवनात सत्कार झाला. सूर्या मराठीत म्हणाला की कॅच हातात बसला. रोहित शर्मा उठला आणि म्हणाला, बरं झालं बसला, नाहीतर मीच त्याला बसवला असता. सभागृह हसलं, आम्हीही हसलो. काका म्हणाले, हा सद्दालपुत्त आहे.

त्यांच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं ऐकून ते परवा म्हणाले, “तू म्हनतं हारल्यावर दैवाचा वाटा धरा, पोरायले शिव्या देऊ नका. ठीक हाय. मंग जिंकल्यावर हार कोनाले घालतं? तवाबी दैवाचा वाटा धरनं आलंच.” प्रश्न बरोबर आहे. तर्काने पाहिलं तर दोष देता येत नसेल तिथे शाबासकीही देता येत नाही. जडेजाचा पाय आणि सूर्याचा पाय एकाच तराजूत पडतात. मला ते पटतं आणि तरी मी सूर्याला हार घालायला तयार आहे, जडेजाला दगड मारायला नाही. काका म्हणतात ही लबाडी आहे. मी म्हणतो असेल, पण या लबाडीत कोणाच्या घराची काच फुटत नाही. यावर त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तुरीचा भाव विचारला.