धाब्याचा कठडा

शास्त्रभाग : अनुवाद २२:८



नवे घर बांधणाऱ्याने धाब्याभोवती कठडा घालावा, नाहीतर तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा परमेश्वराने मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांस दिली. त्या देशात घरांची धाबी सपाट असत. राहाबेने हेरांना धाब्यावरच लपवले. पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला. जेथे माणसांचा वावर, तेथे पडण्याचे भय असणारच. ध्यानात घ्या, येथे अजून कोणीही पडलेले नाही. घर नवे आहे, घरधनी आनंदात आहे आणि देव त्याला कठड्याविषयी विचारीत आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात याच जातीचा दुसरा नियम आढळतो. कोणी खड्डा खणून तो उघडा ठेवला व त्यात शेजाऱ्याचा बैल पडला, तर भरपाई खणणाऱ्याने करावी.

हा उघडा खड्डा मी गडचिरोली जिल्ह्यात पाहिला. या जिल्ह्यात हिवतापाचे पुष्कळ रुग्ण आढळतात. भामरागड, एटापल्ली, धानोरा हे तालुके त्यासाठी ओळखले जातात. तेथील एका आश्रमशाळेत मुलांना हिवतापाची माहिती देण्यासाठी आम्ही काही स्वयंसेवक पावसाळ्यात गेलो होतो. शाळेमागे बांधकामासाठी मुरूम काढलेला खड्डा होता. त्यातले पाणी आम्ही पांढऱ्या भांड्यात घेतले आणि मुले भोवती गोळा झाली. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडव्या पडलेल्या बारीक अळ्या त्यांनीच प्रथम ओळखल्या. ती ॲनाफिलीस डासाची अळी. दुसऱ्या जातींच्या अळ्या डोके खाली करून लोंबकळतात, ही मात्र पृष्ठभागाला लागून राहते. पाणी नितळ होते, याचे मुलांना फार आश्चर्य वाटले. डास घाणीत होतो, एवढेच त्यांनी ऐकले होते. हा डास ओढ्याकाठची डबकी, भातखाचरे, वापरात नसलेल्या विहिरी असे संथ व स्वच्छ पाणी शोधतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणून साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावी, खड्डे बुजवावेत आणि जे बुजवता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत. हे मुलांना समजावण्यास फळा लागला नाही. ते भांडे पुरले.

पुढे प्रश्न विचारण्यास सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, “आमच्या घरी मच्छरदाणी एकच आहे. तिच्यात कोणी झोपायचे?”

उत्तर आम्हांला ठाऊक होते आणि ते दिले : सर्वांत लहान बाळ आणि गरोदर आई, कारण हिवतापाचा जीवघेणा प्रकार त्यांनाच लवकर गाठतो. आशा कार्यकर्तीकडे आणखी मच्छरदाणीची मागणी करावी, हेही सांगितले. परंतु प्रियांनो, पावसाळ्याच्या रात्री आठ-दहा वर्षांचे मूल आपल्या घरात कोणाला वाचवायचे याची निवड करते, हे ऐकून आपण कोणता धडा शिकवायचा? तो प्रश्न तिने जणू मंडळीलाच विचारला, असे मी मानतो.

आपल्या सभांतून साक्षी होतात. अमका तापाने फणफणला होता, प्रार्थना झाली, औषध लागू पडले, प्रभूने उठवले. त्या साक्षी खऱ्या आहेत आणि त्यांबद्दल देवाचे आभार मानावेत. पण जो कधी आजारी पडलाच नाही त्याची साक्ष कोणत्या सभेत होणार? दहा कुष्ठरोग्यांपैकी एक तरी परत आला. कठडा बांधणाऱ्याकडे एकही परत येत नाही, कारण आपण कशापासून वाचलो हे कोणालाच कळत नाही. अशा सेवेला माणसे कमी मिळतात, त्याचे कारण मला हेच दिसते.

आपल्या पूर्वीच्या देवभक्तांना हे ज्ञान नव्हते. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांची पत्नी मेरी १८६२ साली झांबेझी नदीच्या काठी हिवतापाने मरण पावली. त्या काळी लोक दलदलीच्या दूषित हवेला दोष देत. पुढे पस्तीस वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, आपल्याच देशात सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. ज्याला चांगले करणे कळते आणि जो ते करीत नाही, त्याचे ते पाप आहे असे याकोब म्हणतो (४:१७). मेरी लिव्हिंगस्टनच्या काळात त्या वचनाचा भार या बाबतीत कोणावर नव्हता. आपल्यावर आहे.

आणि कळून एकदा केले, की झाले असेही नाही. १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यापूर्वी वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोक आजारी पडत, असा अंदाज होता. १९६५च्या सुमारास ती संख्या एक लाखावर आली. सर्वत्र समाधान पसरले, फवारणी व देखरेख ढिली पडली, डासही औषधाला दाद देईनासे झाले. १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांच्या घरात गेले. झाडून सुशोभित केलेल्या पण रिकाम्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परतला, असे प्रभू येशूने सांगितले होते (मत्तय १२:४३-४५). घर झाडलेले होते, पण त्यात राखणारा नव्हता.

औषधांत एक गोळी आहे, तिच्याविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. फॅल्सिपॅरम प्रकारच्या हिवतापात तीन दिवसांच्या मुख्य औषधाबरोबर प्रायमाक्विनची एकच मात्रा देतात. रुग्ण बरा होतो तो मुख्य औषधाने. प्रायमाक्विन त्याच्या रक्तातील जंतूंची ती रूपे नष्ट करते, जी डासाच्या पोटातून पुढच्या माणसाकडे जातात. म्हणजे गोळी गिळायची आपण आणि राखायचे शेजाऱ्याला! गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांना ती देत नाहीत, म्हणून ती आरोग्य कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरूनच घ्यावी. पण सांगितल्यावर टाळू नये. ‘शेजाऱ्यावर प्रीती’ या विषयावर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत. इतके नेमके एकही नव्हते.

ताप आला की काही घरे प्रथम पुजाऱ्याकडे धाव घेतात, याची आपण चर्चा करतो. आपलीही काही घरे रक्त तपासण्याऐवजी नुसत्या प्रार्थनेवर तीन-चार दिवस काढतात आणि मेंदूला हिवताप चढायला तेवढे दिवस पुरतात. हिज्कीया राजाला बरे करण्याचे वचन खुद्द देवाने दिले होते, तरी यशयाने अंजिरांची चांदकी आणवून गळवावर बांधविली (२ राजे २०:७). चोवीस तासांच्या आत रक्ततपासणी करणे हा विश्वासाचा अभाव नव्हे.

अशा सेवेस जाणाऱ्या तरुणांना एक विनंती. शाळेत हिवताप शिकवायला गेलात तर हिवतापच शिकवा. पिशवीत पत्रके नेऊ नका. धाब्यावर चढणारा कोणत्या देवाला भजतो, हे कठड्याच्या नियमात विचारलेले नाही. मुलांची भाषा माडिया किंवा गोंडी असेल, तर तेथल्याच शिक्षकाला शेजारी उभे करा आणि निम्मे बोलणे त्याला करू द्या.

जून महिना देशभर हिवतापविरोधी महिना म्हणून पाळला जातो. तुम्ही नागपूरला असा, इंदूरला, बडोद्याला किंवा हैदराबादला; शहराबाहेर तासाभराच्या वाटेवर एखादी शाळा असेलच. उन्हाळी सुट्टीपूर्वी, एप्रिलमध्येच, मुख्याध्यापकांची व प्राथमिक आरोग्य केंद्राची संमती घ्या. पांढरे भांडे, पळी आणि एक मच्छरदाणी इतके साहित्य पुरे. निघण्यापूर्वी मात्र मंदिराच्या मागे एक फेरी मारा. बांधकामासाठी माती काढलेला खड्डा तेथे उघडा असला, तर तरुण संघाने आधी तो बुजवावा आणि मग शाळेची वाट धरावी.