मोडलेला बेत आणि धीर

भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या शेतकऱ्याला बेत मोडण्याची संवय पिढ्यानपिढ्यांची आहे. मृगाच्या पावसावर तो पऱ्हे टाकतो. पुढें आभाळ फिरतें, पऱ्हे करपतात आणि रोवणीचा सारा हिशेब कोलमडतो. तो नशिबाला बोल लावतोच. पण चार दिवसांनीं बोडींत पाणी किती उरलें तें पाहून येतो, आणि दुबार पऱ्हे टाकतो, नाहीं तर रोवणीचा नाद सोडून आवत्या धान पेरतो. त्याला कोणी धीराचा पुतळा म्हणत नाहीं. आपल्या सुशिक्षित घरांची रीत निराळी. परीक्षा, नोकरी, विवाह, घर यांचे बेत आपण इतके निश्चित आखतों, कीं त्यांतला एक फसला म्हणजे आयुष्यच फसलें असें वाटूं लागतें.

अशा प्रसंगीं ‘देव करतो तें बऱ्याकरितां’ असें सांगणारे आप्त धांवून येतात. हें वाक्य स्वतःशीं म्हणावें, दुसऱ्यास ऐकवूं नये, असें मला वाटतें. ज्याची जखम ओली आहे, त्याला त्या जखमेचा फायदा समजावून देणें यांत भक्तीपेक्षां घाईच अधिक असते. ख्रिस्ती धर्माच्या नांवावर असलें सांत्वन पुष्कळ खपतें. परंतु शुभवर्तमानांत तें आढळत नाहीं. गेथशेमाने बागेंत ख्रिस्तानें प्रथम मागितलें तें हेंच, कीं हा प्याला टळावा. दुःखाला सुख म्हणण्याचें सोंग त्यानें केलें नाहीं. मागणें मांडून झाल्यावर मगच तो पित्याच्या इच्छेस राजी झाला. नव्या करारांत ‘धीर’ या अर्थीं जो ग्रीक शब्द येतो, त्याचा मूळ भाव ओझ्याखालीं टिकून राहणें असा आहे. ओझें हलकें आहे असें मानणें त्यांत बसत नाहीं.

पण टिकून राहणें म्हणजे जागचें न हलणें काय? पौलाला बिथुनियांत जावयाचें होतें. तो मार्ग अडला, तेव्हां तो त्रोवसास उतरला व तेथून मासेदोनियास गेला. पुढें स्पेनला जाण्याचा बेत त्यानें रोमच्या मंडळीस कळविला. रोमला मात्र तो पोहोंचला कैदी होऊन. बेत त्याला सोडावे लागले, काम त्यानें सोडलें नाहीं. सारा कठीण भाग या विवेकांत आहे, कारण आपला बेत व आपलें काम ही दोन आहेत हेंच आपणांस बहुधा बेत मोडेपर्यंत कळत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत हें ज्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें त्या पंडिता रमाबाई. १८८३ सालीं त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या. हिंदुस्थानांतील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावेत ही त्यामागची तळमळ. पण श्रवणशक्ति क्षीण झाल्यामुळें तो अभ्यास त्यांना अशक्य ठरला. त्याच वर्षीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे नवी श्रद्धा आणि पहिला मोठा नकार त्यांच्या वांट्यास जवळ जवळच आले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्या शिकूं लागल्या व संस्कृत शिकवूंहि लागल्या. पुढें ११ मार्च १८८६ रोजीं त्यांच्या दूरच्या नात्यांतल्या आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियांत वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई प्रेक्षकांत होत्या. जें आपल्याला मिळावयाचें होतें तें दुसरीला मिळतांना पाहण्यासाठीं समुद्र ओलांडून जाणें! धीराची याहून अवघड कसोटी मला सुचत नाहीं.

तीन वर्षांनीं, ११ मार्च १८८९ रोजीं, मुंबईंत शारदा सदन उघडलें. तें पुण्यास गेल्यावर १८९३ सालीं धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठलें; रानडे-भांडारकरांसारख्यांनीं सल्लागारपद सोडलें आणि पुष्कळ मुली पालकांनीं काढून नेल्या. या वादांत सारा दोष एकाच बाजूचा होता असें म्हणवत नाहीं. तटस्थतेचा भरंवसा ज्यांना दिला गेला होता, त्यांची तक्रार पोकळ नव्हती. तथापि जमलेलें सदन डोळ्यांदेखत रितें होणें म्हणजे काय, हें संस्था चालविणारासच कळेल.

नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. भंडारा तेव्हां ज्या मध्य प्रांतांत होता, त्या प्रांतांत रमाबाई स्वतः फिरल्या आणि निराधार विधवा व मुली बरोबर घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगमुळें इतक्यांना ठेवणें शक्य नव्हतें. म्हणून केडगांवच्या ज्या शेतांतून संस्थेला उत्पन्न व्हावें असा बेत होता, त्या शेतावरच झोंपड्या पडल्या. मुक्ति सदन उभें राहिलें तें असें. मात्र यावरून दुष्काळ बऱ्याकरितांच आला, असा हिशेब कोणी मांडूं नये. त्या दुष्काळांत जे मेले, ते मेलेच.

आणि बेत मोडण्याचें तेवढ्यावर थांबलें नाहीं. आपल्यामागें संस्था सांभाळील अशी आशा जिच्यावर होती, ती एकुलती कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. रमाबाईंचें वय त्रेसष्ट, प्रकृति खालावलेली. मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठींत बायबल उतरविण्याचें काम त्यांनीं बरींच वर्षें चालविलें होतें, आणि त्याची छपाईहि केडगांवींच होत असे. त्या पुन्हां त्या कामाकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. ग्रंथ १९२४ सालीं निघाला.