हिरवी वायर

आजचा श्लोक : गीता, अध्याय १८, श्लोक ४६. ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा आपल्या कामानेच करावी, असा भाव. माउली तर स्वकर्मालाच फुलं म्हणतात.

पण जे काम कुणी बघणारच नाही, ते नीट का करायचं?

मला आमच्या शेजारचे काका आठवतात. गेल्या महिन्यात ते गेले. नौदलात असताना जामनगरच्या आयएनएस वालसुरावर विजेचं काम शिकले. निवृत्तीनंतर तीस वर्षं डोंबिवलीत घरोघरी वायरिंग केलं. अर्थिंगच्या बाबतीत हट्टी. हिरवी वायर जोडली नाही तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. गीझरच्या पत्र्यात वीज उतरली, की मगच तिचं काम. काका म्हणायचे, "अरे, जहाजावर आपल्या आळसाची शिक्षा दुसऱ्याला होते. घरातही तेच."

मला वाटतं, उत्तर इथेच आहे. देव वरून बघतोय म्हणून नव्हे. उद्या त्या गीझरला ज्याचा हात लागेल, त्याच्यातही तोच आहे म्हणून. काकांनी वाहिलेली फुलं अजून कितीतरी भिंतींच्या आत आहेत.

आपल्या कामातली हिरवी वायर कोणती, एवढं आज शोधूया.