मुअत्तल

निलंबन ही शिक्षा नव्हे, असे सेवानियम मानतात. चौकशी चालू असताना माणूस कागदपत्रांपासून आणि साक्षीदारांपासून दूर राहावा, एवढाच त्यामागचा हेतू. पण ज्याच्या घरी तो लिफाफा येतो, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी गल्ली कशी पाहते ते पाहिले की नियम आणि दुनिया यांतले अंतर कळते.

निलंबित माणसाला उर्दूत ‘मुअत्तल’ म्हणतात. शाळेच्या सुट्टीला ‘तातील’. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे, अर्थ रिकामे पडणे. तातील म्हटले की आमची मुले दप्तर उडवतात. त्याच कुळातला दुसरा शब्द ऐकून मोठ्या माणसाची झोप उडते. अरबीत विहिरीलाही हे विशेषण लागते. जिच्यावर आता कुणी पाणी भरायला येत नाही, ती विहीर मुअत्तल. मराठवाड्यातल्या वाचकाला अशी विहीर समजावून सांगायला नको.

प्रश्न असा की, माणसाला रिकामा करून आपण सत्य शोधतो, की सत्य शोधण्यातून सुटका करून घेतो?

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. पाठोपाठ आकडा ३१ वर गेला. लातूर, हिंगोली, परभणी, शेजारचा तेलंगणा, सगळीकडची गरीब माणसे तिथे येतात, कारण खासगी दवाखान्याचा खर्च त्यांना झेपत नाही. त्या मातांचा आक्रोश खरा होता आणि जाब मागण्याचा त्यांचा हक्कही खरा. पण ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना संडास साफ करायला लावले. ते दृश्य देशभर फिरले. पुढे खासदारांवर गुन्हा नोंदला गेला आणि एका मृत महिलेच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नवजात बालकांच्या कक्षात क्षमतेच्या दुपटीहून जास्त बाळे का होती, हा खरा सवाल होता. लोकांच्या लक्षात मात्र झाडू राहिला.

हे निलंबन नव्हते. पण निलंबनाचा हुकूम जे काम सभ्य भाषेत करतो, तेच इथे उघड्यावर झाले. चौकशीआधीच एक माणूस सापडला आणि राग शांत झाला.

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ ला अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण मेले. दोन-तीन दिवसांत जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, काही परिचारिकांची नोकरी गेली, आणि अटक झाली ती एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना. वॉर्डातल्या परिचारिकेकडून रुग्णाला सोडून न जाण्याची अपेक्षा जरूर करावी. पण भिंतीतली वायर, आग विझवण्याची यंत्रणा, त्यासाठीचा निधी, हे तिच्या हातात कधी होते? सही करणारे हात वर असतात आणि बेड्या खाली पोचतात.

गोरखपूरचे डॉ. कफील खान यांचे प्रकरण तर सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्यातला एक तपशील मला फार बोचतो. ऑगस्ट २०१७ मध्ये ऑक्सिजनअभावी मुले दगावली आणि ते निलंबित झाले, मग तुरुंगात गेले. एप्रिल २०१८ मध्ये जामीन देताना अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की, त्यांचा व्यक्तिशः वैद्यकीय निष्काळजीपणा सिद्ध करणारे काही कागदावर नाही. तरी निलंबन संपले नाही. निर्वाह भत्त्यासाठी त्यांना मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मिळवावा लागला. जे अन्न नियमानेच देय आहे, तेही मागायला दिल्ली गाठायची! नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना बडतर्फ केले गेले. त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी खटल्यात सांगून ठेवले होते की, तीन महिन्यांत आरोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे रेटू नये.

आम्हा खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९८१ च्या नियमावलीत चौकशीला साधारण १२० दिवस दिलेले आहेत. आकडा छान आहे. पण त्या दिवसांत स्टाफरूममध्ये काय घडते? त्याची खुर्ची दुसरा ओढून घेतो. त्याच्या तासिका वाटून घेताना भांडणे होतात आणि त्या भांडणांचा दोषही त्याच्याच माथी. जुनी असूया ‘आम्हाला आधीच शंका होती’ असे बोलू लागते. दवाखान्यात याहून वेगळे नसावे. पदोन्नती, ड्यूटीची यादी, साहेबांची मर्जी यांवरून धुसफूस कुठे नसते? तीच मग चौकशीत जबाब बनून उतरते.

म्हणून मला हुकूम काढणाऱ्यापेक्षा सहकाऱ्याचा प्रश्न अवघड वाटतो. साहेबाला राग शांत करायचा असतो, ते उघड आहे. पण सहकाऱ्याला माहीत असते. दोषी असेल तर तो का दोषी आहे, हेही त्यालाच माहीत असते, आणि तेही सांगितले पाहिजे. बिरादरीवाल्याला वाचवणे म्हणजे इन्साफ नव्हे. त्या रात्री वॉर्डात किती बाळे होती, किती परिचारिका होत्या, कोणते इंजेक्शन कधीपासून मागितले होते, हे नोंदवहीत असते. ती नोंदवही चौकशी समितीपुढे कोण उघडून ठेवणार?