बाळाला आधी ऊब

नेरुळ, नवी मुंबई

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

तुझी प्रसूती विभागात ड्यूटी लागली, हे ऐकून फार आनंद झाला. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आपल्या नवी मुंबईत घामाच्या धारा लागतात, इथे बाळ गारठेल कसं, असं तुला वाटेल. पण नऊ महिने आईच्या उबेत राहिलेलं ओलं बाळ एसीच्या खोलीत येतं आणि अंगावरचं पाणी सुकताना त्याची ऊब घेऊन जातं. त्याला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. अंगातली साखर आणि प्राणवायू ऊब टिकवण्यातच संपतो. मग बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही. कमी दिवसांचं असेल तर फारच लवकर. दगावलं, तर कागदावर बहुधा जंतुसंसर्ग किंवा कमी वजन एवढंच येतं. गारठा लिहायचा राहतो, आणि तेच मला सलतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत तिथल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, थर्मामीटर लावायला, बाळ उबदार ठेवायला शिकवलं. गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणं आणि जंतुसंसर्गावरची इंजेक्शनंही त्यात होती, म्हणून सगळं श्रेय उबेचं नाही. पण नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, आणि १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासते, ती वाट तिथूनच निघाली.

आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधायची कांगारू पद्धत १९७८मध्ये कोलंबियात, बोगोटाला सुरू झाली. पण त्यातही आधी बाळ स्थिर होऊ द्या, मग आईजवळ द्या, असाच रिवाज होता. भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने २०२१मध्ये दाखवलं, की कमी वजनाचं बाळ जन्मताच छातीशी दिलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं.

तेव्हा बाळ आलं की आधी कोरडं कर, ओलं फडकं बदल, टोपडं घाल आणि आईच्या छातीवर दे. वजनकाटा थांबू शकतो. घरची वडीलधारी माणसं आंघोळीची घाई करतील. चोवीस तास तरी नको, हे त्यांना मायेने समजाव. मधूनमधून हात लावून बघ. पोट गरम पण तळपाय गार लागले, तर लगेच छातीशी घ्यायला सांग आणि वरून पांघरूण घाल. दोन्ही गार लागले, तर थर्मामीटर लाव आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलाव.

तुझी,
आजी