पणतवाचे देणे

गंगापूर तालुक्यातले कायगाव आणि समोरचे नेवासे तालुक्यातले टोके यांच्यामध्ये गोदावरीचे पात्र आहे. १९४७ पर्यंत हे पात्र उतरणे म्हणजे राज्य ओलांडणे होते. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. पण मुलीसाठी स्थळ पाहताना नाण्यावरचा छाप कोण पाहतो? अलीकडच्या लेकी पलीकडे जात, पलीकडच्या इकडे येत, आणि भाऊबीजेला भाऊ नदी उतरून परराज्यात ओवाळून घ्यायला जाई.

आपल्या भाषेने या नात्याची मोठी नेटकी मोजदाद ठेवली आहे. आईचे ते माहेर, मुलाचे ते आजोळ, नातवाचे ते पणजोळ. त्यापुढे भाषा सहसा जात नाही. मग प्रश्न पडतो, की परमुलखाशी जडलेले नाते किती पिढ्यांनी पाळावे? ते पाळणे हे कर्तव्य, की नुसती हौस?

नदीच्या जागी समुद्र आला म्हणजे हा प्रश्न अधिक बोचतो. या दिवाळीत गंगापुरातही असे एखादे घर असेल, जिथून आजी परदेशी फराळाचा डबा धाडते आणि तिकडच्या नातवाला फोनवर मराठीची दोन वाक्ये जुळवता येत नाहीत. आजीला वाटते, मुलूख विसरला, कृतघ्न झाला. खरोखर तो कृतघ्न आहे काय?

हा अनुभव आपल्या आधी घेतलेली मराठी माणसे आहेत, ती म्हणजे कोकणातील बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते, की पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि वाचलेली माणसे तिथेच राहिली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पेणकर, नागावकर, किहिमकर, दिवेकर अशी गावांवरून त्यांची आडनावे पडली. मराठी घरची भाषा झाली. ज्यू म्हणून इथे त्यांचा छळ झाला नाही. तरीही १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत त्यांतले हजारो लोक तिकडे गेले. पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घेतले, तिथल्याच धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका काढली! त्यांनी निदर्शने केली आणि १९६४ साली ते इतर ज्यूंच्या पूर्ण बरोबरीचे आहेत, असा निर्वाळा तिथल्या संसदेला द्यावा लागला. त्याच इस्राएलात या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले.

आता यांना कृतघ्न कोण म्हणेल? कोकण सोडले म्हणून कोकण टाकले, असे होत नाही. सासरी गेलेल्या लेकीने माहेर टाकले, असे आपण म्हणतो काय? पण त्यांच्या नातवंडांची बोली हिब्रू आहे. आजोबा जे नियतकालिक चष्मा लावून वाचत, त्यातले अक्षर नातवाला लागत नाही. त्याचे आडनाव मात्र अजून पेणकर असू शकते.

इथे आपल्या जुन्या धर्मशास्त्राचा एक निर्णय आठवतो. बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडावे, आजाचे कर्ज नातवाने फक्त मुद्दल द्यावे, आणि पणतू त्या कर्जातून मोकळा. अर्थात पणज्याची मिळकत त्याच्या हाती आली नसेल तर. सावकारीसाठी केलेला हा नियम मायेच्या व्यवहारालाही लागू पडतो, असे मला वाटते. जो देश सोडून गेला, त्याच्या जिवाला त्या देशाचे व्याज रोज लागते. त्याच्या मुलाकडे आठवणींचे मुद्दल असते. पणतवाकडे मागणी करण्याचा मात्र कोणालाही अधिकार नाही. ज्या मातीत तो खेळला नाही, तिच्याशी इमान राखण्याचे बंधन त्याच्यावर जन्मतःच कसे लादणार?

परंतु नियमातली अट विसरू नये. मिळकत घेतली, तर देणेही आले. मग विचारायचे ते पणतवाला नव्हे, आपल्याला. आपण त्याच्यासाठी मिळकत काय ठेवली? नुसत्या ‘तू मराठी आहेस’ या बजावण्याला मिळकत म्हणत नाहीत. गावाचे नाव, नदीची गोष्ट, सणाच्या दिवशीचा एक पदार्थ, आजीच्या तोंडची चार वाक्ये ही मिळकत. ती दिली नसेल, तर त्याच्या विसराळूपणाबद्दल रागावणे म्हणजे रिकाम्या घराची घरपट्टी मागणे होय.

आणि ती दिली, तरी तगादा लावू नये. मोकळा असलेला पणतू एखाद्या दिवशी आपले आडनाव ज्या गावावरून पडले, ते गाव शोधत पेणला येऊन उभा राहिला, तर ते येणे कर्जफेडीचे नसेल. आपल्या भाच्यापुतण्यांनी तरी देणे म्हणूनच आपल्याकडे यावे, असे आपल्यापैकी किती जणांना वाटते? या दिवाळीत गंगापूरच्या त्या आजीने परदेशी फोन लावावा तो हिशेब विचारण्यासाठी नव्हे. नातवाला दोन वाक्ये येत नसतील, तर एक शिकवावे. आणि भाऊ नदी उतरून परराज्यात ओवाळून घ्यायला कसा जाई, तेवढी गोष्ट त्याच्या भाषेत सांगावी.