चिरेसकट विकलेली होडी

सात रस्ता चौकाच्या कडेला टेम्पोतून होडी उतरली आणि बघ्यांची गर्दी झाली. नळाला दिवसाआडही पाणी न येणाऱ्या सोलापुरात अठरा फुटी होडी! जो तो थांबून विचारी, "काय मालक, पूर येणार हाय का काय?"

होडी उजनीच्या जलाशयावरची. करमाळ्याकडच्या काठावर राहणाऱ्या आबांनी तिच्या जिवावर बारा वर्षं चिलापी अन् कटला काढला. आता गुडघे साथ देईनात. सोलापुरात नोकरीला असलेला मुलगा म्हणाला, "आबा, दलालाला देऊ नका, तो मातीमोलानं घेतो. सात रस्त्यावर उभी करू. सात दिशांनी गिऱ्हाईक येतंय."

पोरगा तयारीचा. आदल्या रविवारी गावी जाऊन त्यानं होडीला निळा रंग मारून घेतला होता. तळाला जरा जाडच. कारण तळाच्या कण्यालगत वीतभर चीर होती. ती घासून, फायबरची चटई अन् रेझिन लावून भरायची तर खर्च होता. रंगाचा डबा त्या मानानं स्वस्त.

पहिलं गिऱ्हाईक गाडीतून उतरलं. त्याला शेतावरच्या तळ्यात पाहुण्यांना फिरवायला होडी हवी होती. रंग बघूनच तो खूश झाला. पंचेचाळीस हजाराला तयार होऊन त्यानं खिशात हातही घातला.

"जरा थांबा, पावणं," आबा म्हणाले. ते खाली बसले आणि बोटाच्या पेरानं तळ ठोकत पुढं सरकले. टणक, टणक आवाज येत होता. एका जागी तो बद्द झाला. आबांनी वर पाहिलं. "हितं चीर हाय."

पोरानं कपाळावर हात मारला. शेजारी चहा पीत उभ्या असलेल्या वकिलांकडं वळून तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगा. माल पारखून घ्यायचं काम गिऱ्हाइकाचंच असतंय की नाही?"

"असतं," वकील म्हणाले. "१९३० चा वस्तुविक्री कायदा साधारण तेच सांगतो. पण चिरेवर रंग कुणी मारला? न बोलणं वेगळं आणि मुद्दाम झाकणं वेगळं. १८७२ च्या करार कायद्यात अशा झाकण्याला फसवणूकच म्हटलंय."

"कायद्याचं ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "२०२४ च्या मे महिन्यात आपल्या उजनीतच कुगाव-कळाशीच्या मधी वादळात होडी उलटली, सहा माणसं गेली. वारा काय आपल्या हातात नसतोय. चीर दाखवणं तर हाय ना?"

त्यांनी होडीची दोन्ही टोकं विटांवर टेकवली आणि चहावाल्याकडून दोन बादल्या पाणी मागून आत ओतलं. सोलापूरच्या नळाला येतं तेही बरंचसं उजनीचंच. थोड्या वेळानं निळ्या रंगाला बारीक फुगा आला, तो फुटला आणि थेंब गळू लागला. आबांनी विटेच्या तुकड्यानं त्याभोवती गोल काढला. गाडीवाला नोटा खिशात कोंबून निघून गेला.

गर्दीत हिप्परगा तलावावर मासेमारी करणारा एक तरुण होता. तो पुढं आला. होडीखाली वाकून त्यानं गोल पाहिला, बाकीचा तळ स्वतः ठोकला आणि म्हणाला, "आबा, एकतीस हजार देतो."

पोरगा चिडला. "आत्ता पंचेचाळीसला मागणी होती!"

"त्यानं रंग मागितला होता, मी होडी मागतोय," तरुण म्हणाला. "गेल्या महिन्यात मी चार होड्या बघितल्या. चौघंबी म्हणाले, एकदम ठणठणीत. त्यांची चीर मला तलावाच्या मध्यात सापडली असती. हिची कुठं हाय ते मला ठाव हाय. एवढी भरून घेतली की मी रात्री निवांत जाळं टाकीन."

सौदा झाला. वकिलांनी पावती लिहून दिली आणि आबांच्या सांगण्यावरून तीत एक ओळ घातली : तळाला वीतभर चीर आहे, ती दाखवून विकली. दोघांनीही सह्या केल्या.

टेम्पो गेल्यावर पोरगा म्हणाला, "आबा, चौदा हजाराला बुडालो."

"ते पैसे आपले कधी नव्हतेच," आबा म्हणाले. "ते चीर भरायचे होते. तू ते रंगाखाली लपवले होतेस, मी ज्याचे त्याला दिले. आन् आता गावात रात्री कुणाचा फोन वाजला तर आपल्या काळजात धस्स होणार नाही. त्याची किंमत तू धरलीच न्हाईस."

वापरलेली वस्तू विकताना तिची खोटही सोबत विकावीच लागते. सांगून विकली तर ती किमतीतून वजा होते; झाकून विकली तर वस्तू घेणाऱ्याकडं जाते आणि खोट विकणाऱ्याच्या नावावरच राहते.